गाडगेबाबांचा खराटा आणि आपले आरोग्य

1956 सालचा डिसेंबर महिना आपल्या समाजाच्या स्मरणात 6 तारखेने कायमचा कोरला गेला आहे. त्या दिवशी बाबासाहेब आपल्याला सोडून गेले. त्याच महिन्याच्या 20 तारखेला, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलाशी, मोटारीतून प्रवास करीत असताना आणखी एका थोर पुरुषाने अखेरचा श्वास घेतला. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका हातात मातीचे गाडगे आणि दुसऱ्या हातात खराटा, एवढीच त्यांची आयुष्यभराची मालमत्ता होती. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणत.

गाडगेबाबा बौद्ध नव्हते. ते वारकरी वळणाचे कीर्तनकार होते. मग बौद्ध संस्थेच्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, निरोगी राहण्यासाठी रोजच्या जीवनात कोणत्या सवयी असाव्यात हा धडा महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांना त्यांच्याइतक्या चिकाटीने दुसऱ्या कोणी दिला असेल असे आम्हांस वाटत नाही. शिवाय हा धडा देताना त्यांनी जी वस्तू हाती घेतली, ती आपल्या समाजाच्या इतिहासात फार वेदनेची आहे. तेव्हा त्या खराट्याकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे, याचाही विचार या निमित्ताने करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. आईचे नाव सखुबाई. घरी थोडीफार शेती होती. परंतु वडिलांना दारूचे व्यसन जडले आणि शेती, घर, प्रकृती सारेच त्यात वाहून गेले. 1884 साली झिंगराजी वारले तेव्हा डेबू आठ वर्षांचा होता. सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आल्या. तेथे डेबू गुरे राखू लागला, नांगर धरू लागला, अंगमेहनतीच्या कामात तरबेज झाला. पाटी मात्र त्याच्या हाती कधीच आली नाही. पुढे मामाची जमीन सावकाराने लबाडीच्या कागदांनी गिळंकृत केली. कागदावर काय लिहिले आहे हे घरात कोणालाच वाचता येत नव्हते. बापाचा बळी दारूने घेतला आणि मामाच्या जमिनीचा बळी निरक्षरतेने, हे त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिले. पुढील पन्नास वर्षांच्या कीर्तनांचे विषय या दोन आघातांतून आले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

1892 साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण देणे भाग होते. डेबूजींनी तो रिवाज मोडला आणि पंगतीला गोडधोड वाढले. जातभाई रागावले, पण ते बधले नाहीत. आजच्या दृष्टीने ही लहानशी गोष्ट वाटेल. तथापि ज्या काळी जातपंचायतीचा शब्द मोडणे म्हणजे वाळीत पडणे होते, त्या काळी एका तरुण शेतकऱ्याने घेतलेला हा निर्णय लहान नव्हता. 1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले आणि ते गावोगाव फिरू लागले.

ते ज्या महाराष्ट्रात फिरत होते तो कसा होता, हे ध्यानात घेतल्याखेरीज त्यांच्या कार्याचे मोल कळणार नाही. पटकीची साथ आली की गावेच्या गावे रिकामी होत. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि तेथून तो सर्वत्र पसरला. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई फुले यांनी प्राण वेचले. 1918 मध्ये मानमोडीच्या तापाने घराघरांत माणसे नेली. लोकांची समजूत मात्र अशी की, पटकी ही मरीआईच्या कोपाने येते आणि अंगावर उठणारे फोड म्हणजे साक्षात देवी. मग मरीआईला कोंबडे-बकरे कापायचे आणि तिचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. तिचे ठाणे बहुधा महारवाड्यालगत असे आणि तिच्या सेवेचा भारही आपल्याच पूर्वजांच्या माथी असे, हे ज्येष्ठ वाचकांना सांगावयास नको.

वास्तविक रोगाचे कारण तोवर सापडले होते. ज्या वर्षी झिंगराजी वारले त्याच 1884 साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्यात पटकीच्या जंतूचा छडा लावला आणि तो तेथील तळ्याच्या पाण्यातही दाखवून दिला. रुग्णाच्या विष्ठेतून जंतू पाण्यात जातो, ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात जातो, आणि पुन्हा तोच फेरा सुरू होतो. हा फेरा तोडायचा तर मैला पाण्यापासून दूर ठेवला पाहिजे, हात धुतले पाहिजेत, अन्न झाकले पाहिजे. यात्रांच्या ठिकाणी नेमके याच्या उलट घडत असे. हजारो माणसे एकाच नदीकाठी शौचाला बसत आणि त्याच नदीचे पाणी तीर्थ म्हणून पीत. यात्रेकरूंबरोबर पटकी गावोगाव जाई.

गाडगेबाबांनी कॉखचे नाव ऐकले होते की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. अक्षरशत्रू असलेल्या या माणसाने आपल्या निरीक्षणाने घाणीचा आणि रोगाचा संबंध ओळखला होता आणि तो लोकांना त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत समजावून दिला. पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचन या गावी पौष महिन्यात यात्रा भरते. तेथून त्यांच्या सार्वजनिक सेवेला आरंभ झाला. नदीवर चिखलात घसरणाऱ्या यात्रेकरूंची वाट त्यांनी नीट केली. पुढे तेथे घाट उभा राहिला. पंढरपुरी लाखो वारकरी विठ्ठलाच्या दर्शनासाठी रांग धरीत, तेव्हा ते चंद्रभागेच्या वाळवंटात खराट्याने घाण गोळा करीत.

त्यांची पद्धत ठरलेली होती. गावात पाऊल टाकताच कोणाशी न बोलता गल्ल्या झाडू लागायचे. गटार तुंबलेले दिसले तर ते मोकळे करायचे. वेड्यासारखा दिसणारा हा माणूस कोण, म्हणून मुले भोवती जमत. मग बाया-बापडे येत. मग कोणी शरमून आपल्या दारापुढचा केर स्वतः उचलू लागे. दिवस मावळेपर्यंत गाव स्वच्छ झालेले असे आणि रात्री कीर्तन उभे राही. ते व्याख्यान झोडीत नसत, तर श्रोत्यांना प्रश्न विचारीत. मुलाला ताप आला तर डॉक्टरकडे जायचे की बकरे कापायचे, कर्ज काढून सण करायचा की मुलाला शाळेत घालायचे, माणसाच्या स्पर्शाने विटाळ होतो हे कोणी पाहिले आहे, असे साधे प्रश्न. उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून येई, त्यामुळे ते त्यांना नाकारता येत नसे. नोव्हेंबर 1956 मध्ये मुंबईत वांद्रे येथे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. ते आजही ऐकता येते आणि या प्रश्नोत्तरांची धार त्यात स्पष्ट जाणवते.

आधी काम आणि मग भाकरी, हा त्यांचा स्वतःचा नियम होता. कोणाच्या दारी अन्न मागण्यापूर्वी ते लाकडे फोडीत, अंगण झाडीत. मिळालेली भाकरी-चटणी त्या गाडग्यातच खात. अंगावरच्या चिंध्या स्वतः धुवून स्वच्छ ठेवीत. गरिबी आणि गलिच्छपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या देहाकडे पाहूनच कळत असे. दिवसभराची पायपीट, साधे अन्न, दारू-तंबाखूचा स्पर्श नाही, अशा राहणीत त्यांनी ऐंशी वर्षांचे आयुष्य गाठले.

दारूविषयी ते बोलू लागले की त्यांच्या कीर्तनाला वेगळीच धार चढे. बापाच्या मृत्यूचा घाव त्यामागे होता. आपण बौद्ध बांधव रोज पंचशील ग्रहण करतो. त्यातील पाचवे शील मद्यापासून अलिप्त राहण्याचे आहे. वंदनेच्या वेळी ते मुखाने म्हणायचे आणि लग्नाच्या वरातीत विसरायचे, असे दृश्य आपल्या वस्त्यांत अनेकदा दिसते. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्याच्या विक्रीवर बंदी आहे. तरी पानटपरीवर तो कसा मिळतो हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. जी पुडी बाप खिशात ठेवतो ती मुलाच्या खिशात जाण्यास फार वर्षे लागत नाहीत.

रुग्णाविषयी गाडगेबाबांची वृत्ती मातेची होती. महारोगी म्हणून ज्यांना घरच्यांनीही बाहेर काढले होते, त्यांना ते जवळ घेत, आंघोळ घालीत, कपडे देत, जेवू घालीत. मुंबईला उपचारासाठी आलेल्या खेडूत रुग्णांचे नातेवाईक पदपथावर रात्री काढतात हे पाहून त्यांनी जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात त्यांच्यासाठी धर्मशाळा उभारली. त्यांनी लोकांना जी दहा कामे सांगितली, त्यांत भुकेल्यास अन्न आणि तहानेल्यास पाणी यांच्या बरोबरीने रोग्यास औषधोपचार हे एक काम आहे. येथे विनयपिटकातील एक प्रसंग आम्हांस आठवतो. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून मंचकावर निजविले. ज्यांना आईबाप जवळ नाहीत त्यांनी एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे, हा बोध त्यांनी संघाला दिला. निवासी शाळेतील मुलांना याहून जवळचा धडा कोणता असू शकेल?

गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या, त्या लोकवर्गणीतून. स्वतः मात्र ते त्यांत राहिले नाहीत आणि आपल्या कुटुंबासही त्यांचा लाभ घेऊ दिला नाही. त्यांतील पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा आपल्या इतिहासात विशेष महत्त्वाची आहे. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना त्या नगरीत कोठे थारा नव्हता, म्हणून त्यांनी ती बांधली. पुढे हीच वास्तू त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी सोपविली. यात्रेकरूंच्या निवाऱ्यापेक्षा शिकणाऱ्या मुलांचा निवारा अधिक गरजेचा आहे, हा निर्णय एका कीर्तनकाराने घ्यावा, ही साधी गोष्ट नव्हे. घरातली भांडी मोडावीत पण मुलांना शिकवावे, असा त्यांचा आग्रह असे. 1954 साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कराडच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव दिले ते याच ऋणानुबंधातून.

आता ज्या प्रश्नाचा उल्लेख आम्ही आरंभी केला त्याकडे वळू. वसतिगृहात मुलांना सफाईची पाळी असते. काही पालकांना ते रुचत नाही. मुलाला शिकण्यासाठी पाठविले, झाडण्यासाठी नव्हे, असे ते म्हणतात. हा आक्षेप आळसातून आलेला नाही. ज्यांच्या आजा-पणजाला जन्माच्या आधारावर झाडू हाती घ्यावा लागला, मेलेली जनावरे ओढावी लागली, आणि एवढी गावाची घाण उपसूनही ज्यांना गावच्या पाणवठ्यावर ओंजळभर पाणी मिळाले नाही, त्यांच्या मनातली ही जखम आहे. 1927 च्या मार्च महिन्यात महाडला बाबासाहेबांनी आपल्या माणसांना राहणी सुधारण्यास सांगितले, मृत जनावराचे मांस सोडण्यास सांगितले. आणि त्याच वेळी चवदार तळ्याचे पाणीही हाती घेतले. ज्याला पाणीच नाकारले आहे त्याला स्वच्छतेचा नुसता उपदेश करणे ही क्रूर थट्टा आहे, हे त्यांनी कृतीने दाखवून दिले. सवय आणि हक्क या दोन्ही गोष्टी एकत्रच चालाव्या लागतात.

म्हणून गाडगेबाबांच्या खराट्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. त्यांना झाडण्याचा हुकूम कोणी केला नव्हता. पाटलाच्या वाड्यापुढेही त्यांनी झाडले आणि महारवाड्यापुढेही. त्यांनी झाडले ते इतरांनी खुशाल बसून राहावे म्हणून नव्हे, तर प्रत्येकाला आपला केर आपणच उचलण्याची लाज वाटू नये म्हणून. खराटा पाळीपाळीने सर्वांच्या हाती फिरला तर ती सवय ठरते. एकाच जातीच्या हाती कायम राहिला तर ती गुलामी ठरते. 2000 सालाच्या सुमारास महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि त्यातून अनेक गावांचे रूप पालटले. तथापि हाताने मैला साफ करवून घेण्यास मनाई करणारे 1993 आणि 2013 चे कायदे असूनही गटारात उतरलेली माणसे गुदमरून मरतात, आणि ती बहुतांशी कोणत्या समाजातील असतात हे आपण जाणतो. गाडगेबाबांच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या प्रत्येकाने याचे उत्तर दिले पाहिजे.

यावरून आमच्या मते निवासी शाळेसाठी काही नियम आपोआप निघतात. सफाईची पाळी सर्वांना सारखी असावी. त्यात शिक्षकांचीही नावे असावीत. शौचालय धुणे ही शिक्षा म्हणून कोणत्याही मुलाला कधीही देऊ नये. ज्या दिवशी ती शिक्षा होते त्या दिवशी स्वच्छता हा अपमान होतो. गटार आणि मैल्याची टाकी यांचे काम यंत्रानेच व्हावे, त्यात मुलाने वा माणसाने उतरू नये. मुलींच्या वसतिगृहात पाण्याची आणि पॅडच्या विल्हेवाटीची सोय असणे ही मेहरबानी नसून आवश्यकता आहे.

रोजच्या सवयी तर अगदी साध्या आहेत. जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुवावेत, नखे कापलेली असावीत. पिण्याचा माठ झाकलेला असावा आणि पाणी दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे, म्हणजे बोटे पाण्यात बुडत नाहीत. पाणी शंकास्पद असेल तर उकळून प्यावे. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास होण्यास साधारण आठवडाभर लागतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस सारी भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवावीत. जुलाब लागल्यास मीठ-साखरेचे पाणी लगेच सुरू करावे आणि रुग्णाला आरोग्य केंद्रात न्यावे. मुलांच्या लसी वेळेवर टोचाव्यात. ज्या देवीच्या रोगापुढे आपले पूर्वज हात जोडून उभे राहत तो रोग लसीनेच या देशातून 1975 साली हद्दपार झाला, नवसाने नव्हे. ताप उतरत नसेल तर अंगारा लावण्यात दिवस घालवू नयेत. रात्री वेळेवर निजावे, सकाळी मैदानावर घाम गाळावा, आणि ताटात भाकरीबरोबर डाळ व पालेभाजी असावी.

यातील बहुतेक गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. लागते ते सातत्य, आणि ते मुलांना घरातील मोठ्यांकडे पाहूनच येते. सुटीत मूल घरी येते तेव्हा शाळेत लागलेली सवय टिकते की मोडते, हे आईवडिलांच्या हाती आहे. माजी विद्यार्थी आज निरनिराळ्या गावांत, शहरांत स्थिरावले आहेत. त्यांच्या वस्तीतील विहाराभोवतीचा परिसर दर रविवारी वंदनेपूर्वी कोण झाडतो, याची त्यांनी चौकशी करावी. आणि तेच एक म्हातारे माणूस वर्षानुवर्षे झाडीत असेल, तर पुढच्या रविवारी खराटा त्याच्या हातातून आपल्या हाती घ्यावा.